समोरचा एजंट: रिसेल फ्लॅटच्या व्यवहारात दुसऱ्या बाजूच्या ब्रोकरबरोबर काम कसं करायचं

पुण्यात रिसेल फ्लॅट विकला जातो तेव्हा मध्ये सहसा दोन एजंट असतात, एक ओनरचा आणि एक घेणाऱ्या पार्टीचा. अमेरिकेत असते तशी सगळ्या एजंटांना बांधणारी सामायिक यादी आपल्याकडे नाही. कुठला फ्लॅट कुणाकडे आहे आणि पार्टी कुणाकडे, हे ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये असतं. त्यामुळे नव्या एजंटला स्वतःच्या पार्टीइतकीच समोरच्या एजंटची गरज पडते.

नवा माणूस इथे दोनपैकी एक चूक करतो. एकतर समोरच्याला शत्रू समजून सगळं लपवतो, नाहीतर दोन कटिंग चहात इतका मित्र होतो की स्वतःच्या ओनरचा शेवटचा भावही बोलून बसतो. खरं तर तुमचे हितसंबंध मुख्यतः भाव आणि पैशांच्या तारखा यांवरच एकमेकांविरुद्ध असतात. कागद गोळा करणं, बँकेच्या मागे लागणं, सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठणं, घाबरलेल्या पार्टीला धीर देणं ही कामं दोघांची मिळून आहेत. हा लेख पुणे महापालिका हद्दीतला रिसेल फ्लॅट डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे. मुंबई-ठाण्यात दर आणि काही शब्द बदलतील, कामाची पद्धत फारशी बदलत नाही.

फोन करण्याआधी स्वतःची बाजू तपासा

समोरच्या एजंटचा तुमच्यावरचा विश्वास पहिल्या तीन प्रश्नांतच ठरतो. त्याने विचारलं, "कर्ज आहे का?" आणि तुम्ही म्हणालात, "बघून सांगतो", की तुमचं नाव टाइमपास करणाऱ्यांच्या यादीत गेलं.

ओनरच्या बाजूने असाल तर इंडेक्स २, म्हणजे नोंदणी कार्यालयातला खरेदीचा सारांश उतारा, स्वतः वाचा. त्यावर मालक म्हणून किती नावं आहेत? नवरा-बायको दोघं असतील तर दोघांची विकायची तयारी आहे का? सही करायला दोघंही भारतात आहेत का? फ्लॅटवर कर्ज आहे का, असल्यास साधारण किती शिल्लक आहे? भाडेकरू असेल तर लीव्ह अँड लायसन्सची मुदत कधी संपते? पार्किंग करारात लिहिलेलं आहे की सोसायटीने नुसतं वापरायला दिलंय? मूळ मालक वारला असेल तर सोसायटीतल्या नॉमिनीचं नाव पाहून थांबू नका. नॉमिनेशनने मालकी मिळत नाही. बाकीच्या वारसांची हक्कसोडपत्रं किंवा वारस प्रमाणपत्र लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

घेणाऱ्याच्या बाजूने असाल तर त्याचं बजेट म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. "८५ पर्यंत" म्हणणाऱ्याच्या डोक्यात बऱ्याचदा सगळा खर्च धरून ८५ लाख असतात. लोनची पात्रता बँकेकडून पाहिली आहे का? स्वतःचा जुना फ्लॅट विकून पैसे येणार आहेत का? आणि निर्णय कुणाचा? घर बघायला मुलगा-सून येतात, होही म्हणतात, आणि नाही म्हणायला सोलापूरहून वडील येतात. वडिलांना पहिल्याच व्हिजिटला आणा.

पहिला फोन

पहिल्या फोनवर दोन-तीन मिनिटांत चार गोष्टी स्पष्ट व्हायला हव्यात: तुमची पार्टी डायरेक्ट (मध्ये आणखी एजंट नसलेली) आहे का, त्याची डायरेक्ट आहे का, भाव काय आणि फ्लॅट आज उपलब्ध आहे का.

डायरेक्टचा प्रश्न आधी विचारा. एकच फ्लॅट पाच एजंटांच्या स्टेटसवर फिरत असतो आणि त्यातल्या चौघांनी ओनरला कधी पाहिलेलं नसतं. "ओनर साइड डायरेक्ट का?" असं सरळ विचारण्यात कुणाचा अपमान नाही. तुमच्याकडची पार्टी दुसऱ्या एजंटमार्फत आली असेल तर तेही लगेच सांगा. मध्ये तीन माणसं असली की निरोप पोचेपर्यंत ८२ चे ८४ होतात, आणि चूक कुणाची हे कधीच कळत नाही.

महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक विचारा आणि स्वतःचाही द्या. नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी एजंटची नोंदणी कायद्यानेच बंधनकारक आहे. व्यक्तीसाठी फी १०,००० रुपये असून नोंदणी पाच वर्षं चालते. २०२३ पासून महाराष्ट्रात त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली आहे. जुन्या सोसायटीतल्या रिसेलला कायद्याचं हे बंधन तसंच लागू होत नाही, पण नंबर असलेला माणूस उद्या सापडतो, एवढा फायदा पुरेसा आहे.

एरिया सांगताना इंडेक्स २ वरचा चौरस मीटरमधला कार्पेट (घराच्या आतला प्रत्यक्ष वापरायचा) एरिया सांगा आणि हवं तर चौरस फुटांत बदलून द्या (१ चौ. मी. म्हणजे १०.७६४ चौ. फूट). "साडेअकराशे" हा आकडा सेलेबल (जिना, लॉबी वगैरे धरून सांगितलेला) होता आणि कार्पेट साडेआठशे निघालं, हे व्हिजिटला कळलं तर घेणाऱ्यापुढे त्याच्या एजंटचं तोंड तुमच्यामुळे पडलं. तो पुढच्या वेळी फोन उचलणार नाही.

ब्रोकरेजचं बोलणं व्हिजिटच्या आधी

पुण्यात विक्रीच्या व्यवहारात प्रत्येक बाजूकडून १ ते २ टक्के आणि भाड्यात साधारण एका महिन्याचं भाडं अशी पद्धत आहे. दर कायद्याने ठरलेला नाही, म्हणून तो बोलूनच ठरवावा लागतो. दोन एजंटांतली सोपी व्यवस्था म्हणजे साइड बाय साइड: ओनरचा एजंट ओनरकडून घेणार, पार्टीचा एजंट पार्टीकडून. एकमेकांच्या पार्टीकडे कुणी काही मागायचं नाही. ओनर ब्रोकरेज देत नाही असं असेल तर ते व्हिजिटच्या आधी सांगायचं आणि पार्टीकडून येणाऱ्या रकमेत वाटणी किती, हे तेव्हाच ठरवायचं. टोकन (विसार) झाल्यावर हा विषय निघाला तर तिथून पुढे दोघंही एकमेकांचे फोन संशयानेच उचलतात.

चेनचा नियमही साधा ठेवा. आपल्या बाजूला जितके एजंट असतील त्यांचं वाटप आपल्या बाजूच्या ब्रोकरेजमधूनच. तुमच्याकडे पार्टी आणणाऱ्या मित्राला किती द्यायचे, याचा समोरच्याशी संबंध नाही.

या धंद्यातली सर्वांत घाण सवय म्हणजे वर ठेवणं. ओनर म्हणतो, "मला ८० नेट द्या, वरचे तुमचे." एजंट समोर ८५ सांगतो. मग एक दिवस घेणारा आणि ओनर लिफ्टमध्ये भेटतात आणि पाच लाखांचा हिशेब दोघांनाही लागतो. त्या दिवशी घेणाऱ्याच्या एजंटचीही अब्रू जाते, कारण त्याच्या पार्टीला वाटतं की हाही त्यात सामील होता. अशी अट घालणाऱ्या ओनरला सांगा, "भाव तुमचा, ब्रोकरेज माझं, दोन्ही वेगवेगळं बोलू." आणि समोरचा एजंट "वर किती ठेवायचे?" असं विचारू लागला तर व्यवहार सोडा. करारनाम्यावरची किंमत आणि पार्टीला सांगितलेली किंमत एकच असायला हवी.

जीएसटीचंही आधीच बोला. नोंदणीकृत एजंट ब्रोकरेजवर १८ टक्के लावतो. ८५ हजारांवर ते १५,३०० होतात. पार्टीला शेवटी कळलं तर ती तुमच्याशी भांडेल आणि ते भांडण नोंदणीच्या दिवशी होईल.

व्हिजिट

व्हिजिटच्या आधी एक लेखी निरोप जायलाच हवा. लांबलचक नको. असा पुरतो:

"नमस्कार. उद्या शनिवार, सायं. ५:३०. कोथरूड २ बीएचके, तिसरा मजला, तुमची ओनर साइड. माझी पार्टी डायरेक्ट, कुलकर्णी, मोबाईलचे शेवटचे चार अंक कळवतो. बजेट फ्लॅटच्या भावाच्या जवळपास, लोन घेणार. ब्रोकरेज साइड बाय साइड. ही पार्टी तुमच्याकडे आधी आली असेल तर आत्ताच सांगा. ओके असल्यास रिप्लाय करा."

त्याचा "ओके" आला की नोंद झाली. पूर्ण नंबर देण्याची गरज नाही. आडनाव आणि चार अंकांवरून पार्टी आधीची आहे का ते कळतं, आणि तिची खाजगी माहिती गावभर फिरत नाही. बजेटबद्दल "जवळपास" एवढंच लिहिलंय, नेमकी मर्यादा लिहिलेली नाही, हेही लक्षात घ्या. शेवटून दुसऱ्या वाक्याने बरीच भांडणं जन्मतःच मिटतात. त्यातच एक ओळ वाढवून मुदत ठरवता येते: या व्हिजिटपासून ६० किंवा ९० दिवसांत याच पार्टीने हाच फ्लॅट घेतला तर ती तुमची पार्टी धरली जाईल.

जागेवर गेल्यावरच्या काही गोष्टी कुणी शिकवत नाही. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा आणि समोरच्या एजंटला गेटवर भेटा. पार्टीला घेऊन एकट्याने वर जाऊ नका. ओनरची ओळख त्याच्या एजंटला करून देऊ द्या. घरात बोलणं त्याचं, प्रश्न तुमच्या पार्टीचे. ओनरच्या हातात स्वतःचं कार्ड ठेवू नका. "पुढे काही लागलं तर" म्हणून दिलेल्या कार्डाचा अर्थ ओनरच्या एजंटला बरोबर कळतो. तसंच ओनरसमोर घराला नावं ठेवू नका. बाथरूमच्या छताला ओल दिसली तर बघा, फोटो काढण्याआधी विचारा आणि खाली उतरल्यावर त्याच्या एजंटशी बोला: "वरच्या फ्लॅटमधून गळती आहे का? सोसायटीला तक्रार दिलीय का?" ओनरच्या तोंडावर विचारलं तर तो ताठतो. एजंटला विचारलं तर उत्तर मिळतं.

उत्तर नकारात्मक असलं तरी त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळवा, कारणासकट. "पार्टीला आवडला नाही" हे निरुपयोगी आहे. "बेडरूमला पश्चिमेचं ऊन, आणि पार्टीकडे मोठी गाडी आहे, पार्किंगमध्ये वळत नाही" हे उपयोगी. ओनरला भाव कमी करायला सांगताना त्या एजंटला अशीच कारणं लागतात. तुम्ही त्याचं काम सोपं केलंत हे तो विसरत नाही.

काय सांगायचं, काय पोटात ठेवायचं

इथे नवे एजंट सर्वांत जास्त गोंधळतात. चांगले संबंध म्हणजे सगळं उघड करणं, असं त्यांना वाटतं. तुम्ही तुमच्या पार्टीचे एजंट आहात आणि तिच्या विश्वासाने मिळालेली माहिती तिच्याविरुद्ध वापरली जाईल अशा हातात देणं हा विश्वासघात आहे. माणसाची गरज सांगायची नाही, मालमत्तेचा दोष लपवायचा नाही. या रेषेवर बहुतेक प्रश्न सुटतात.

ओनरला मुलीच्या परदेशी शिक्षणासाठी जूनच्या आत पैसे हवेत, त्याचा घटस्फोट चालू आहे, तो ७९ लाही तयार होईल, हे पोटात ठेवायचं. घेणाऱ्याची मर्यादा ८८ आहे आणि बायकोला हाच फ्लॅट हवाय, हेही पोटात. पण कर्ज, कोर्टातला दावा, वारसांचा वाद, सोसायटीची थकबाकी, परवानगीशिवाय बंद केलेली बाल्कनी, भोगवटा पत्र नसणं, ओनर अनिवासी असणं या गोष्टी पहिल्या गंभीर बोलण्यातच सांगायच्या. त्या कधीतरी बाहेर येणारच असतात. प्रश्न एवढाच की बँकेचा वकील काढणार की तुम्ही आधी सांगणार. उशिरा कळलं तर नुसता व्यवहार तुटत नाही, समोरच्या एजंटच्या पार्टीचे प्रोसेसिंग फीचे पैसेही जातात, आणि ते तो तुमच्या खाती लिहितो.

अनिवासी ओनरचं विशेष. ओनर निवासी असेल आणि किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (किमतीतून कापून सरकारला भरायचा आयकर) कापतो. ओनर अनिवासी असेल तर नियम पूर्ण वेगळे: कपात खूप जास्त, आणि कमी कपातीचा दाखला आयकर खात्याकडून आधी काढून ठेवला नसेल तर मोठी रक्कम अडकते. दाखल्याला कित्येक आठवडे लागू शकतात. "ओनर दुबईला असतो" हे वाक्य गप्पांच्या ओघात तिसऱ्या भेटीत निघालं, तर पार्टीच्या एजंटला राग येणारच. मुखत्यारपत्र परदेशात झालं असेल तर ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हेही दोघांनी मिळून पाहा.

भावाचं बोलणं

आधी दोघा एजंटांनी फोनवर अंतर मोजायचं. ओनर ९० म्हणतोय, पार्टी ८० म्हणतेय. हे अंतर दहाचं असताना दोघांना समोरासमोर बसवलं की कुणीतरी उठून जातं. अंतर दोन-तीन लाखांवर आल्यावर बैठक लावा.

आकडा सांगताना तो कुणाचा आहे ते स्पष्ट ठेवा. "पार्टीने ८३ सांगितलेत" आणि "मला वाटतं ८५ ला जमेल" ही वेगळी वाक्यं आहेत. दुसरं वाक्य पार्टीला न विचारता बोललात तर समोरचा एजंट ओनरला "८५ आले" असं सांगेल आणि चूक तुमची असेल. नुसत्या आकड्याबरोबर पैशाच्या तारखाही द्या. ८४ आणि करार दहा दिवसांत, हे काही ओनरना ८५ आणि करार दोन महिन्यांनी यापेक्षा गोड लागतं.

बैठकीत भावाबरोबरच बारीकसारीक सगळं ठरवून कागदावर घ्या: मॉड्युलर किचन, एसी, गिझर, पंखे, पडद्यांचे रॉड यांतलं काय राहणार, ताबा कधी, सोसायटीची ट्रान्सफर फी कोण भरणार. महापालिका हद्दीत गृहनिर्माण सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपयेच घेता येतो. निम्मा-निम्मा वाटून घेण्याची पद्धत बरीच आहे. "देणगी" म्हणून लाखभर मागणारी सोसायटी निघाली तर दोघा एजंटांनी एकत्रच सेक्रेटरीला भेटावं. एकेकटे गेलात तर तो दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगेल.

समोरचा एजंट त्याच्या पार्टीसमोर चुकीचं काही बोलला, तर तिथल्या तिथे त्याला खोटं पाडू नका. "जरा बाहेर येता का, एक फोन करायचाय" म्हणून गॅलरीत न्या आणि सांगा. आत येऊन त्यालाच दुरुस्त करू द्या.

टोकन

विसार म्हणून ५१ हजार किंवा लाख रुपये द्यायची रीत आहे. ते थेट ओनरच्या खात्यात, सहमालक असतील तर पावतीवर सगळ्यांच्या सह्या. एजंटच्या खात्यात किंवा खिशात टोकन ठेवू नका, समोरच्यालाही ठेवू देऊ नका. जागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीने आगाऊ घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका असतो. म्हणजे रोख टोकन घेऊन तुम्ही तुमच्याच ओनरला खड्ड्यात घालता.

विसार पावतीत फ्लॅटचा पूर्ण पत्ता, ठरलेली किंमत, टोकनची रक्कम आणि व्यवहार क्रमांक, कराराची अंतिम तारीख, राहणाऱ्या वस्तू आणि टोकन परत कधी मिळणार हे लिहा. परताव्याची अट सर्वांत महत्त्वाची. मालकीत दोष निघाला किंवा त्या मालमत्तेवर बँकेने कर्ज नाकारलं तर पूर्ण परत. पार्टीने उगाच मन बदललं तर काय, हेही लिहा. मसुदा एका एजंटने करावा आणि दुसऱ्याने वाचावा. दोघांनी दोन मसुदे करू नयेत.

कागद, बँक आणि तारखा

टोकन झालं की दोन्ही पार्ट्यांना वाटतं काम झालं. एजंटचं खरं काम इथून पुढे. दोघांनी मिळून एकच यादी करा आणि प्रत्येक कागदापुढे नाव आणि तारीख लिहा: आधीच्या सगळ्या खरेद्यांचे करार आणि इंडेक्स २, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र, भोगवटा पत्र, मिळकतकर पावती, महावितरणचं बिल, मेंटेनन्सची ताजी पावती, पॅन-आधार. मधलाच एक जुना करार हरवलेला असणं हा नेहमीचा अडथळा. नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळते, पण काही बँका मूळ कागदासाठी पोलिसात तक्रार आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस मागतात. म्हणून यादी पहिल्याच आठवड्यात तपासा.

सोसायटीला हस्तांतराची पंधरा दिवसांची नोटीस द्यायची असते. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीला सोसायटीचा ना-हरकत दाखला लागत नाही, पण कर्ज देणारी बँक तो मागते. नोटीस ओनरची, म्हणजे ती द्यायला लावणं ओनरच्या एजंटचं काम.

पैशाचा हिशेब दोघांनी एका कागदावर मांडा आणि दोन्ही पार्ट्यांना तोच कागद दाखवा. समजा किंमत ८५ लाख. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते, म्हणजे ६८ लाख. तेही व्हॅल्युएशन तेवढं आलं तर. घेणाऱ्याचे स्वतःचे १७ लाख. मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, म्हणजे ५,९५,०००. खरेदीदार फक्त महिला असतील तर १ टक्का सूट, म्हणजे ५,१०,०००. नोंदणी फी ३०,०००. ब्रोकरेज १ टक्क्याने ८५,०००. पुरुषाच्या नावाने घेतलं तर खिशातून २४ लाख १० हजार जातात, आणि जीएसटी, वकील, बँकेची फी वेगळी. शुल्काची रक्कम कर्जात धरली जात नाही, हे ऐकून बऱ्याच पार्ट्यांचा चेहरा उतरतो. तो टोकनच्या आधी उतरलेला बरा.

आता ओनरकडून पाहू. त्याच्यावर ३२ लाखांचं कर्ज आहे. घेणाऱ्याच्या १७ लाखांतून ८५,००० टीडीएस जाऊन ओनरला १६,१५,००० मिळतात. घेणाऱ्याच्या बँकेचा पहिला धनादेश ३२ लाखांचा आणि तो ओनरच्या बँकेच्या नावे. उरलेले ३६ लाख मूळ कागद घेणाऱ्याच्या बँकेच्या हाती पडल्यावर. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यावे लागतात, उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई. पण ३० दिवस म्हणजे ३० दिवस. ओनरच्या एजंटने त्याला हे आधी सांगितलं नाही, तर "कर्ज फिटलं, करार झाला, माझे ३६ लाख कुठेत?" असा फोन रोज येतो आणि तो एजंट तुमच्यावर चिडतो, जणू पैसे तुम्ही दाबून बसलात. फोरक्लोजर लेटरवरही (कर्ज पूर्ण फेडायला किती लागतील ते सांगणारं बँकेचं पत्र) तारीख असते, त्यानंतर रोजचं व्याज चढतं. म्हणून ते पत्र धनादेश निघायच्या दोन-चार दिवस आधीच काढा, महिनाभर आधी नको.

या काळात दर सोमवार आणि गुरुवारी समोरच्या एजंटला एक छोटा निरोप पाठवा, काही घडलं नसलं तरी: "लीगल रिपोर्ट अजून आलेला नाही, बँकेच्या वकिलाकडे उद्या जातोय." बातमी नसली की माणूस वाईटच कल्पना करतो. आणि तुमच्या पार्टीने थेट त्याच्या ओनरला फोन केल्याचं कळलं तर ते तुम्हीच त्याला सांगा. ओनरने तुम्हाला फोन केला तर, "तुमच्या एजंटशी बोला, मी त्यांना आत्ताच कळवतो," असं म्हणून खरोखर कळवा.

नोंदणीचा दिवस

दुय्यम निबंधक कार्यालयात दिवस वाया जातो तो बहुधा बारीक गोष्टींनी. पॅनवर नाव "सुनीता विनायक जोशी" आणि आधारवर "सुनिता जोशी". साक्षीदार दोन सांगितले आणि एकच आला. म्हातारीच्या अंगठ्याचा ठसा मशीन घेत नाही. आदल्या दिवशी दोघा एजंटांनी फोनवर नावं अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. पब्लिक डेटा एंट्रीत (नोंदणीआधी ऑनलाइन भरायची माहिती) किंमत, क्षेत्रफळ, फ्लॅट क्रमांक वकिलाने बरोबर भरलाय का ते दोघांनी वेगवेगळं तपासा. इंडेक्स २ वर चूक गेली तर चूक दुरुस्ती पत्र आणि पुन्हा चक्कर. सही केलेला करार चार महिन्यांत नोंदणीला दाखल करता येतो, त्यामुळे सर्व्हर बंद पडला म्हणून आभाळ कोसळत नाही. हे तुम्हाला ठाऊक असलं की पार्ट्याही शांत राहतात.

ब्रोकरेजचं बिल आदल्या दिवशीच आपापल्या पार्टीला गेलेलं असावं. कार्यालयाच्या पायऱ्यांवर पैशाची घासाघीस सुरू झाली तर समोरच्याची पार्टीही आपल्या एजंटला तसंच करायला शिकते. वाटणी द्यायची असेल तर पैसे आल्याच दिवशी द्या. "पुढच्या डीलमध्ये अॅडजस्ट करू" हे वाक्य टाळा.

भांडण झालंच तर

नेहमीचा वाद असा: पार्टीने फ्लॅट 'अ' एजंटबरोबर पाहिला, महिन्याने 'ब' बरोबर पुन्हा पाहिला आणि 'ब'ने व्यवहार घडवला. 'अ' पैसे मागतो. इथे आधी निरोप काढा. 'अ'ची लेखी नोंद असेल आणि मुदत चालू असेल तर त्याचा हक्क आहे, पण घासाघीस, कागद, बँक सगळं 'ब'ने केलं असेल तर पूर्ण पैसे 'अ'ला देणंही न्याय नाही. त्या बाजूच्या ब्रोकरेजची निम्मी वाटणी बहुतेकांना पचते. नोंद नसेल तर मात्र नुसत्या "मीच दाखवला होता"वर काही मिळायची अपेक्षा धरू नका.

वाद एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नेऊ नका. तिथे लिहिलेल्या एका वाक्याचे स्क्रीनशॉट वर्षभर फिरतात. आधी फोन, मग प्रत्यक्ष भेट, मग दोघांना मान्य असलेला एखादा जुना एजंट. पार्टीला यात ओढू नका. तिला दोन एजंटांचं भांडण कळलं की ती दोघांचंही ब्रोकरेज कापायला बघते.

समोरच्याने खरंच पार्टी फोडली असेल तर त्याला एकदाच, पुराव्यासकट, शांतपणे सांगा आणि पुढच्या व्यवहारात नियम बदला: व्हिजिटच्या निरोपाला "ओके" आल्याशिवाय पत्ता नाही, फ्लॅट क्रमांक गेटवरच, आणि पार्टीचं आडनावही नाही, फक्त चार अंक. पूर्ण तोडायची घाई करू नका. त्याच्याकडे बाणेर-बालेवाडीतले वीस ओनर असतील, आणि तुमच्या पार्टीला त्यातलाच एखादा फ्लॅट हवा असेल.

ताबा दिल्यावर दोन कामं उरतात: महावितरणचं नाव बदलणं आणि सोसायटीत सभासदत्वाचं हस्तांतर. कागद घेणाऱ्याचे, पण सह्या ओनरच्या लागतात, आणि तोवर ओनर दुसऱ्या शहरात गेलेला असतो. ताब्याच्या दिवशीच त्याच्या एजंटकडून दोन्ही अर्जांवर ओनरच्या सह्या घेऊन ठेवा.